नागरी हक्कांच्या चळवळींची दप्तरे : केरी-तेरेखोल परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे, दक्षिण तीरावर केरी हे गाव वसले आहे. पैलतीरी तेरेखोलचा किल्ला व त्याच नावाचे लहानसे गाव आहे. हा पैलतीराचा भाग गोव्यात मोडत असला तरी जमिनीच्या बाजूने तो महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याने वेढलेला आहे. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडावी की तेरेखोल येते आणि तेथून थोड्याच अंतरावर वेंगुर्ले तालुक्यातील रेडीची हद्द लागते. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली व सत्तरी हे महालही पोर्तुगीज सत्तेखाली आले आणि 'नव्या काबिजादी' या नावाने ओळखले जाऊ लागले.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील गोमंतकीय सत्याग्रहींच्या एका तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यात प्रवेश करून तेथे भारताचा तिरंगी ध्वज फडकविला. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर तीन ठिकाणी अशा तुकड्या आत शिरल्या होत्या व गोव्याबाहेरील सत्याग्रहींना त्या वेळी सीमा ओलांडू दिली गेली नव्हती. तेरेखोलचे सत्याग्रही लवकरच पकडले गेले व किल्ल्यावर पुन्हा पोर्तुगीज निशाण चढले. घटना एका दिवसाची. तथापि तिचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास कागद कोठे शोधावे लागतात, हा प्रश्न सहज सुटणारा नाही. अटकेचा अहवाल एका दप्तरात, खटल्याचे कागद दुसऱ्यात, सत्याग्रहींनी सीमेपलीकडे छापलेली पत्रके तिसऱ्या ठिकाणी आणि त्या रात्री कोणी कोणास भाकर दिली ही आठवण एखाद्या वृद्धाच्या मनात. नागरी हक्क व सामाजिक न्याय यांसाठी झालेल्या चळवळींची साधने अशीच विखुरलेली असतात. ती कोणत्या प्रकारची आहेत, ती कशी वाचावीत व कशी जतन करावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चळवळीची मूळ मागणी

गोव्याच्या मुक्तिसंग्रामाकडे सामान्यतः राजकीय सत्तांतराचा लढा म्हणून पाहिले जाते. त्याचा आरंभ मात्र नागरी स्वातंत्र्याच्या मागणीतून झाला, ही गोष्ट दप्तरांच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. १९३० च्या वसाहत कायद्याने पोर्तुगालच्या वसाहतींतील प्रजेचे दुय्यम स्थान अधोरेखित केले. सालाझार यांच्या राजवटीत सभा भरविण्यास पूर्वपरवानगी लागे व मुद्रित मजकूर प्रसिद्धीपूर्वी तपासून घ्यावा लागे. लग्नपत्रिका छापावयाची झाली तरी संमतीचा शिक्का आवश्यक असे. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राम मनोहर लोहिया व डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी परवानगीवाचून सभा घेऊन याच बंदीला आव्हान दिले. हा दिवस गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळला जातो. बोलण्याचा, एकत्र जमण्याचा व लिहिण्याचा हक्क एवढीच त्या सभेची मागणी होती.

या मागणीस मिळालेले उत्तर लष्करी न्यायालयाचे होते. त्रिस्तांव द ब्रागांस कुन्य यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे व जुझे इनासियु लोयोला यांनाही हद्दपारी भोगावी लागली. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका भोजनसमारंभात वक्त्याच्या विधानास जाहीर हरकत घेतली. तेवढ्यावरून त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली. एक शब्द उच्चारल्याबद्दल शिक्षा ठोठावणाऱ्या राजवटीत कागद जपून ठेवणे हे देखील धाडसाचे काम होते. चळवळीतील पुष्कळ कागद घरच्या लोकांनी झडतीच्या भीतीने जाळून टाकले असतील, हे उघड आहे. त्यामुळे जे उरले ते चळवळीचे संपूर्ण चित्र आहे असे अभ्यासकाने धरून चालू नये.

सरकारी दप्तर

गोव्यातील दप्तर जतन करण्याची परंपरा जुनी आहे. १५९५ मध्ये इतिहासकार दियोगु द कौतु यांच्या देखरेखीखाली जुन्या गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला. त्याचाच वारसा आज पणजी येथील गोवा शासनाच्या पुराभिलेख खात्याकडे आहे. या दप्तराला शास्त्रीय शिस्त लावण्याचे मोठे श्रेय डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांना द्यावे लागेल. डिचोली तालुक्यातील पिळगाव येथे १८९४ मध्ये जन्मलेल्या या संशोधकाने १९३० च्या दशकाच्या आरंभापासून पोर्तुगीज राजवटीच्या अखेरपर्यंत दप्तराची धुरा वाहिली आणि १९५५ मध्ये पोर्तुगीज भारतातील दप्तरांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तेरेखोल व पत्रादेवीच्या सत्याग्रहांचीच ही वर्षे होत. सीमेवर इतिहास घडत होता आणि त्याच सुमारास पणजीत मागील शतकांच्या इतिहासाची सूची पूर्ण होत होती.

नागरी हक्कांच्या अभ्यासकास सरकारी दप्तरातील तीन प्रकारचे कागद प्रामुख्याने उपयोगी पडतात. पहिला प्रकार राजपत्राचा. १८३७ पासून निघू लागलेल्या सरकारी बुलेटिनात कायदे, हुकूम, बंदी, नेमणुका व मिळकतींविषयीच्या सूचना छापल्या जात. कोणत्या गोष्टीस केव्हा मनाई झाली याचा तो अधिकृत पुरावा होय. दुसरा प्रकार प्रशासकीय पत्रव्यवहाराचा. तालुक्याचा प्रशासक व पोलीस अधिकारी यांनी वरिष्ठांस लिहिलेली पत्रे, सीमेवरील हालचालींची टिपणे, संशयितांच्या याद्या यांचा त्यात समावेश होतो. तिसरा प्रकार खटल्यांचा. आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, व्यवसाय, आरोप व शिक्षा हा तपशील निकालपत्रात सामान्यतः येतो. नेत्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. परंतु नावाडी, शेतमजूर, प्राथमिक शिक्षक वा दुकानदार यांचा चळवळीतील सहभाग सिद्ध करणारा कागद बहुधा असा एखादा खटल्याचाच असतो.

या दप्तराचा एक भाग गोव्याबाहेर आहे. १९४५ मध्ये पोर्तुगालमध्ये स्थापन झालेल्या राजकीय पोलीस यंत्रणेने १९५० च्या दशकात गोव्यात आपले काम सुरू केले. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर ती यंत्रणा बरखास्त झाली. तिचे दप्तर लिस्बन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवण्यात आले असून ते अभ्यासकांस उपलब्ध आहे. ज्या पेनिश किल्ल्यात गोमंतकीय हद्दपार कोंडले गेले, तेथे आता प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय असून ते २०२४ मध्ये पूर्णत्वाने खुले झाले. गोव्यातील आग्वाद येथील तुरुंगाच्या वास्तूचेही नूतनीकरण होऊन डिसेंबर २०२१ मध्ये तेथे स्वातंत्र्यसंग्रामाचे संग्रहालय सुरू करण्यात आले.

चळवळीचे स्वतःचे कागद

सरकारी दप्तर शासनाची बाजू सांगते. सत्याग्रहींची बाजू समजण्यासाठी त्यांनीच निर्माण केलेल्या साधनांकडे वळावे लागते. ही साधने बहुतांशी सीमेपलीकडे तयार झाली, कारण गोव्यात छपाईस वाव नव्हता. नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना १९४६ मध्ये व आझाद गोमंतक दल १९४७ मध्ये उदयास आले. १९५४ मध्ये पुणे येथे सर्वपक्षीय गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. पुढील वर्षी नानासाहेब गोरे, सेनापती बापट, शिरूभाऊ लिमये, मधु लिमये आदींनी सत्याग्रहात प्रत्यक्ष भाग घेतला. एप्रिल १९५५ मध्ये सुधाताई जोशी यांना म्हापसा येथे अटक झाली. या सर्व कार्याची पत्रके, देणग्यांच्या पावत्या, स्वयंसेवकांच्या याद्या, सभावृत्ते व तुरुंगातून लिहिलेली पत्रे मुंबई, पुणे, बेळगाव व सावंतवाडी येथील व्यक्तींच्या आणि संस्थांच्या संग्रहांत विखुरलेली असणे स्वाभाविक आहे.

नियतकालिके हे या साधनांतील दुसरे महत्त्वाचे अंग. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये सुरू केलेल्या 'भारत' पत्राने गोव्यातच राहून राष्ट्रीय विचारांचा पुरस्कार केला. पोर्तुगालमधून निसटून आल्यावर कुन्य यांनी १९५३ पासून मुंबईत 'फ्री गोवा' चालविले. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या व आज कृष्णदास शामा यांचे नाव धारण करणाऱ्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गोव्यातील जुन्या वृत्तपत्रांचा मोठा संग्रह आहे. सीमेवरील एखाद्या गावाचा उल्लेख शोधताना या पत्रांतील लहान अक्षरांतील वार्तापत्रे अग्रलेखापेक्षा अधिक उपयोगी पडतात, असा अभ्यासकांचा अनुभव आहे.

छापील शब्दाला सीमा ओलांडणे कठीण असले तरी ध्वनिलहरींना ते कठीण नव्हते. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून व नंतर कॅसलरॉकहून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत हे केंद्र बोलत होते. ध्वनीचा पुरावा हा सर्वांत क्षणभंगुर. तो ध्वनिफितीत वा लेखी संहितेत उतरला तरच टिकतो. एरव्ही तो ऐकणाऱ्याच्या स्मृतीपुरताच उरतो.

साधने वाचण्याची रीत

या दोन्ही प्रकारच्या कागदांचे वाचन करताना काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य शब्दांविषयीचे. एकाच माणसास पोलीस अहवालात उपद्रवी म्हटलेले आढळेल, पुण्याच्या पत्रकात सत्याग्रही आणि दुसऱ्या एखाद्या कागदात केवळ 'अमक्या गावचा कुळकरी'. तिन्ही शब्द लिहिणाऱ्याच्या भूमिकेतून आलेले आहेत. अभ्यासकाने ते आहेत तसे नोंदवावेत व कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिले याची टीप सोबत जोडावी.

दुसरे पथ्य आकड्यांविषयीचे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सामुदायिक सत्याग्रहावर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल यांना हौतात्म्य आले. त्या दिवशी सर्व सीमांवर मिळून किती जण धारातीर्थी पडले याचा आकडा मात्र निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळा आढळतो. ज्या दिवसाला हजारो लोक साक्षी होते त्याचीही ही स्थिती. अशा वेळी सोयीचा आकडा उचलण्यापेक्षा नावांची यादी तयार करणे अधिक हितावह असते. प्रत्येक नावापुढे त्याचा आधार लिहिला म्हणजे आकडा आपोआप शुद्ध होत जातो. डॉ. पां. पु. शिरोडकर यांनी संपादित केलेला व गोवा गॅझेटियर खात्याने १९८६ व १९९० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेला स्वातंत्र्यसैनिकांचा परिचयकोश याच पद्धतीचे महत्त्व पटवितो.

तिसरे पथ्य भाषा, लिपी व नावे यांविषयीचे. नव्या काबिजादींतील जुने कागद मराठीत व पुष्कळदा मोडी लिपीत आहेत. प्रशासनाचे कागद पोर्तुगीजमध्ये, तर लोकांच्या आठवणी कोकणीत वा मराठीत. पोर्तुगीज कागदांत पेडणे 'पेर्नें' होते, डिचोली 'बिशोलीं' होते आणि केरी 'केरीं' होते. आडनावांचीही अशीच रूपांतरे झालेली असतात. त्यात केरीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत: एक पेडणे तालुक्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आणि एक फोंडा तालुक्यात. कागदावर केवळ 'केरी' असे वाचून तो पेडण्यातील केरीस चिकटविला तर एका गावचा सत्याग्रही दुसऱ्या गावच्या स्मारकावर जाऊन बसेल. तालुका, नदी, शेजारचे गाव, कुटुंबाचे नाव यांपैकी निदान दोन खुणा जुळल्यावाचून गावनिश्चिती करू नये.

सामाजिक न्याय आणि कागदाचे बळ

दप्तर हा केवळ इतिहासकाराचा विषय आहे, अशी एक समजूत आढळते. तिचे निरसन करणारे उत्तम उदाहरण महाडच्या चवदार तळ्याचे होय. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर स्पृश्य रहिवाशांनी न्यायालयात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, कारण अशी अनादि वहिवाट त्यांना पुराव्याने सिद्ध करता आली नाही. सत्याग्रहाने हक्क उच्चारला. कागदांच्या कसोटीवर तो न्यायालयात टिकला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आणि १९८२ मध्ये त्यांच्या चळवळीच्या साधनांचा एक खंड प्रसिद्ध केला. जुने पोलीस अहवाल व वृत्तपत्रीय वृत्तांत त्यात एकत्र आले. पाळत ठेवण्यासाठी लिहिलेली टिपणेच पुढे चळवळीच्या इतिहासाची साधने ठरली.

गोव्यात हाच प्रश्न जमिनीच्या रूपाने उभा राहिला. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीची मालकी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा. त्याच्याजवळ बहुधा कोणताच करारनामा नसे. त्यामुळे कायदा झाला तरी हक्क शाबित करण्यासाठी खंडाची पावती, घरपट्टीची नोंद, जुना सर्व्हे उतारा, शाळेच्या दाखल्यावरील पत्ता अशा लहानसहान कागदांवर विसंबावे लागले. तेरेखोल गावातील कुळांच्या दाव्यांचा प्रश्न एकविसाव्या शतकातही सार्वजनिक चर्चेत व न्यायालयीन वादात आला. ज्या गावी १९५४ मध्ये ध्वज फडकला त्याच गावी कसणाऱ्याचा हक्क अनेक दशकांनंतर कागदांवर तोलला जात होता, हे विसरता येण्याजोगे नाही. सत्याग्रहाचे पत्रक आणि खंडाची पावती हे दोन्ही एकाच दप्तराचे भाग आहेत. पहिल्यास काचेच्या पेटीत स्थान मिळते. दुसरी छपराच्या वाशात खोचलेली राहते व एका पावसाळ्यात नष्ट होते.

सामाजिक सुधारणेच्या इतिहासातही असेच घडते. देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातील स्त्रियांची त्या रूढीतून सुटका व्हावी म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यात व मुंबईत मोठी चळवळ झाली. राजाराम पैंगीणकर हे तिचे एक अग्रणी, 'मी कोण?' हे त्यांचे आत्मचरित्र त्या काळाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. परंतु ज्या स्त्रियांनी घराबाहेरचा रोष पत्करून ही रूढी मोडली त्यांपैकी बहुतेकींनी काही लिहून ठेवले नाही. संस्थेची इतिवृत्ते, शाळेची हजेरीपटे, विवाहनोंदी यांतून त्यांचा माग काढावा लागतो.

परदेशातील एक उदाहरण

शासनाने चळवळींविषयी जमविलेले गुप्त कागद पुढे काय करावे, हा प्रश्न जगात अन्यत्रही उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने १९५६ मध्ये एक आयोग स्थापिला. वंशभेदाची व्यवस्था टिकविणे हा त्याचा हेतू होता व कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या व्यक्तींवर त्याने पाळत ठेवली. १९७७ मध्ये आयोग बंद झाला तेव्हा त्याचे दप्तर २०२७ पर्यंत मोहरबंद ठेवावे असे विधिमंडळाने ठरविले. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९८ मध्ये ते जनतेस खुले झाले. तथापि खुले करण्यापूर्वी, ज्यांच्यावर पाळत ठेवली गेली होती त्यांना आपला खासगी मजकूर वगळण्याची मागणी करण्याची वा आपले म्हणणे जोडण्याची संधी देण्यात आली. यातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. नागरिकांविषयीचे कागद नागरिकांस पाहावयास मिळाले पाहिजेत. त्याचबरोबर खबऱ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ सत्य मानून एखाद्या कुटुंबाची अप्रतिष्ठा होऊ देता कामा नये. लहान गावात तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण अहवालातील नावाची नातवंडे त्याच वाड्यावर राहत असतात.

गावपातळीवर करावयाचे काम

मोठ्या संस्थांची दप्तरे शासन सांभाळते. गावोगावच्या घरांतील कागद सांभाळण्याचे काम मात्र ग्रामपंचायत, शाळा व वाचनालय यांनीच हाती घ्यावयास हवे. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती पद्धत.

कागद मिळाले की प्रथम ते कोणाच्या घरातून, कोणत्या पेटीतून व कोणत्या क्रमाने मिळाले याची नोंद करावी. दप्तरशास्त्रातील मूळ सूत्र असे की एका उगमाचे कागद एकत्र राहावेत व त्यांचा मूळ क्रम मोडू नये. यांपैकी एका उगमाचे कागद एकत्र ठेवण्याचे सूत्र फ्रान्समध्ये १८४१ मध्ये शासकीय आदेशाने मान्य झाले व पुढे ही दोन्ही सूत्रे सर्वत्र स्वीकारली गेली. पत्रे एका ढिगात, पावत्या दुसऱ्यात व छायाचित्रे तिसऱ्यात अशी वाटणी केली तर कोणते पत्र कोणत्या पावतीच्या संबंधात आले होते हे कायमचे अज्ञात राहते. वर्गवारी सूचीत करावी, पेटीत करू नये.

त्यानंतर जतनाचा विचार. कोकण व गोव्याच्या दमट हवेत बुरशी, कसर व वाळवी हे कागदाचे तीन वैरी होत. कागद भिंतीला टेकवून वा जमिनीवर ठेवू नयेत. लोखंडी टाचण्या गंजतात म्हणून त्या हलकेच काढून टाकाव्यात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. कालांतराने तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे खातो. प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करणेही अपायकारक, कारण पुढे ते सोडविता येत नाही. सुती रुमालात दप्तर बांधण्याची जुनी रीत आजही चांगली आहे, कारण त्यात हवा खेळती राहते व धूळ अडते. वेखंडाची पुरचुंडी पेटीत ठेवावयाची असल्यास ती कागदांना स्पर्श होणार नाही अशी ठेवावी. पावसाळा संपला की कागद सावलीत व वाऱ्यावर ठेवावेत. उन्हात वाळवू नयेत. जुन्या लोहयुक्त शाईने कागद जेथे जाळीदार झाला असेल तेथे हात न लावता पुराभिलेख खात्यातील जाणकारांचा सल्ला घ्यावा.

प्रती काढून ठेवणे हे तिसरे काम. पूर्वी सूक्ष्मपटाचा आधार घेत. आता संगणकीय प्रतिमा काढणे सुलभ झाले आहे. मूळ कागद मालकाच्या घरी राहू द्यावा व प्रत वाचनालयात ठेवावी, अशी तडजोड बहुतेक कुटुंबांस मान्य होते. प्रतिमा काढल्यावर मूळ कागद टाकून देणे ही मात्र अक्षम्य चूक होय. प्रतिमेत शाईचा दाब, कागदाचा पोत, मागील बाजूची अस्पष्ट नोंद या खुणा पूर्णांशाने उतरत नाहीत आणि न्यायालयासमोर मूळ कागदाचे मोल वेगळेच असते.

चौथे व सर्वांत तातडीचे काम स्मृतींच्या नोंदीचे. १९५४ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदी ओलांडून गेला आहे. फेरीच्या धक्क्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वा सीमेवरील वाड्यांत त्या दिवसांचे साक्षी आता अत्यल्प उरले आहेत. त्यांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत नोंदवाव्यात. बोली सुधारून प्रमाण भाषेत लिहू नये. प्रश्न लहान असावेत. 'तुम्ही देशासाठी काय केले?' असे विचारल्यास भाषण ऐकावयास मिळते. 'त्या दिवशी होडी कोणाची होती?' असे विचारल्यास इतिहास हाती लागतो. सत्याग्रहात न गेलेल्यांनाही विचारावे. ज्या स्त्रियांनी रात्री दार उघडले, ज्यांच्या घराची झडती झाली, ज्यांची होडी जप्त झाली त्यांच्या साक्षीवाचून चळवळीचे दप्तर अपुरेच राहील. मुलाखतीची संमती लेखी घ्यावी आणि सांगणाऱ्याने जो भाग प्रकट करू नये असे म्हटले असेल तो तसाच राखावा.

उपसंहार

तेरेखोलच्या किल्ल्यावरील ध्वज एक दिवस टिकला. त्याचे महत्त्व टिकले ते लोकांनी सांगितले, लिहिले व जपले म्हणून. नागरी हक्क कायद्याच्या पुस्तकात एकदा नोंदले गेले की सुरक्षित झाले असे नसते. ते कोणी, कोणत्या किंमतीस मिळविले याचा पुरावा नाहीसा झाला की पुढील पिढीस ते दान म्हणून मिळाल्यासारखे वाटू लागतात. पणजी, मुंबई, पुणे व लिस्बन येथील दप्तरे आपापल्या जागी सुरक्षित आहेत. केरी, पालये, हरमल, पत्रादेवी, आरोंदा, रेडी अशा गावांतील ट्रंका व फडताळे मात्र तशी सुरक्षित नाहीत. नदीच्या दोन्ही तीरांवरील शाळा व वाचनालयांनी परस्परांच्या साहाय्याने एक सामाईक सूची तयार केली, तर राज्याच्या सीमेने विभागलेली ही साधने निदान सूचीत तरी एकत्र येतील. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने दहा घरांतील कागद पाहून नोंदविले तरी या कार्यास चांगला आरंभ झाला असे म्हणता येईल.